फॉलिक ॲसिडचा प्रचार करायचाय? अमेरिकेतल्या कायद्याच्या अडचणी आणि त्यातून निघणारी वाट

गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून तयार होतात, ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर कित्येक बायकांना दिवस राहिल्याची कल्पनाही नसते. नलिका नीट मिटली नाही, तर बाळाला स्पायना बायफिडा किंवा ॲनेन्सेफलीसारखं जन्मजात व्यंग येतं. पहिल्यात पाठीचा कणा उघडा राहतो, दुसऱ्यात मेंदूची बरीचशी वाढच होत नाही आणि ते बाळ जगत नाही. फॉलिक ॲसिड हे साधं ब गटातलं जीवनसत्त्व आधीपासून पोटात जात असेल, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणजे ही गोष्ट जिला सांगायची ती बाई अजून गरोदर नाही, तिला काही आजार नाही आणि ती या कारणासाठी डॉक्टरकडेही गेलेली नाही. तिच्यापर्यंत पोहोचायचं तर बाटलीवरचं लेबल, दुकानातलं पत्रक, जाहिरात, फोनवरची पोस्ट हेच मार्ग उरतात. कायद्याची नजर नेमकी याच जागांवर सगळ्यात कडक असते.

अमेरिकेत पूरक आहाराच्या, म्हणजे जीवनसत्त्वांच्या गोळ्या-पावडरी अशा सप्लिमेंटच्या धंद्यात नव्याने उतरलेले, त्या कंपन्यांसाठी मजकूर लिहिणारे आणि आरोग्यसंस्थांमध्ये प्रचाराचं काम करणारे, अशांसाठी हे लिहितोय. यातले बरेच जण पहिल्याच महिन्यात दोनपैकी एका टोकाला जातात. कोणी बिनधास्त ‘जन्मदोष टाळा’ छापून मोकळे होतात. कोणी वकिलाचा एक मेल वाचून इतके धास्तावतात की बाळाचं नावही काढत नाहीत. माझ्या मते दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण या विषयावर कायद्याने बोलायला जागा दिलेली आहे आणि घाबरून ती रिकामी ठेवली जाते.

आधी ठरवा, बोलतंय कोण

एकच वाक्य दोन तोंडांतून निघालं की त्याची कायदेशीर जात बदलते. डॉक्टर, सरकारी आरोग्य खातं, गोळ्या न विकणारी सेवाभावी संस्था यांनी ‘फॉलिक ॲसिड घ्या, न्यूरल ट्यूबचे दोष टळतात’ म्हटलं तर ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं. गोळी विकणाऱ्याने तेच म्हटलं की ते व्यापारी बोलणं ठरतं. त्यालाही राज्यघटनेचं संरक्षण आहे, पण कमी.

याचा सगळ्यात बोचरा दाखला १९९२चा आहे. त्याआधी १९९१मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीचा निकाल आला होता. ज्यांचं आधीचं मूल या दोषाचं होतं अशा स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. निकाल इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. सप्टेंबर १९९२मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने जाहीर केलं की गर्भधारणा होऊ शकेल अशा प्रत्येक स्त्रीने रोज ०.४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं. आणि जानेवारी १९९३मध्ये त्याच सरकारच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) हा दावा लेबलवर छापायला परवानगी नाकारली. सरकार सांगत होतं ‘घ्या’, आणि गोळी बनवणारा ती कशासाठी घ्यायची ते बाटलीवर लिहू शकत नव्हता.

एफडीएची भीती खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. फॉलिक ॲसिड जास्त झालं तर ब१२च्या कमतरतेमुळे होणारा पंडुरोग रक्ततपासणीत झाकला जातो आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. म्हणूनच दिवसाला १ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा सगळीकडे दिसते. पण त्या भीतीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही. पूरक आहारासाठीचा दावा १९९४च्या सुरुवातीला मान्य झाला. मार्च १९९६मध्ये नियमाला आजचं रूप आलं. पाव-पिठासारख्या समृद्ध धान्यपदार्थांत फॉलिक ॲसिड घालणंही १ जानेवारी १९९८पासून सक्तीचं झालं.

तेव्हा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा: हा मजकूर विक्रेत्याचा आहे का? संस्थेचा असेल, पण पैसा गोळी बनवणाऱ्याने दिला असेल आणि मजकुरात त्याचं नाव झळकत असेल, तर तो विक्रेत्याचाच समजून पुढे चला.

‘टाळणे’ या क्रियापदापासून सावध राहा

अमेरिकी कायद्यात औषधाची व्याख्या त्या पदार्थात काय आहे यावर अडलेली नाही, तो कशासाठी म्हणून विकला जातो यावर आहे. रोगाचं निदान, उपचार, उपशम किंवा प्रतिबंध यासाठी म्हणून विकलेली कोणतीही वस्तू औषध ठरते. ‘स्पायना बायफिडा टाळणारी गोळी’ असं छापलंत की तीच गोळी एका रात्रीत विनापरवाना नवं औषध होते. आतलं फॉलिक ॲसिड शुद्ध आहे, मात्रा बरोबर आहे, विज्ञान पक्कं आहे, यातलं काहीही मग कामाला येत नाही.

‘रोखते’, ‘संरक्षण देते’, ‘ढाल’, ‘खात्री’ ही सगळी त्याच कुळातली मंडळी. कायद्याने मान्य केलेला शब्दप्रयोग ‘धोका कमी होऊ शकतो’ असा आहे. त्यातलं ‘होऊ शकतो’ अनेकांना मिळमिळीत वाटतं आणि ते गाळण्याचा मोह होतो. गाळू नका, सगळा दावा त्या दोन शब्दांवर उभा आहे.

दाव्याचे तीन प्रकार ओळखा

पहिला, आरोग्यविषयक दावा. पोषकद्रव्य आणि रोगाचा धोका यांचा संबंध सांगणारा हा दावा १९९०च्या पोषण लेबल कायद्याखाली येतो आणि त्याला एफडीएची आधी मान्यता लागते. फोलेट (फॉलिक ॲसिड हे याच जीवनसत्त्वाचं कृत्रिम रूप) आणि न्यूरल ट्यूब दोष यांचा दावा या मान्य यादीत आहे. आपली हक्काची जागा हीच.

दुसरा, शरीराची रचना किंवा कार्य सांगणारा. ‘फॉलिक ॲसिड पेशींच्या विभाजनाला मदत करतं’ हा त्यातला. १९९४च्या पूरक आहार कायद्याने त्याला मोकळीक दिली. आधी मान्यता लागत नाही, पण माल बाजारात आल्यापासून ३० दिवसांत एफडीएला कळवावं लागतं. शिवाय ‘या विधानाची एफडीएने तपासणी केलेली नाही, हे उत्पादन कोणत्याही रोगाचं निदान, उपचार, निवारण वा प्रतिबंध करण्यासाठी नाही’ असा डिस्क्लेमर छापावा लागतो. गरोदरपणाच्या बाबतीत इथे जपून पावलं टाका. जानेवारी २०००च्या नियमाने गरोदरपणातल्या नेहमीच्या तक्रारींवरच्या दाव्यांना वाट दिल्यासारखं झालं होतं. पुढच्याच महिन्यात एफडीएने स्वतंत्र निवेदन काढून, पूरक आहारावर गरोदरपणाशी निगडित असे दावे सध्या करू नका, असं उत्पादकांना बजावलं.

तिसरा, अटींसह दिलेला दावा, ज्यात विज्ञान पुरेसं पक्कं नाही हे सोबतच सांगायचं असतं. तो कोर्टात भांडून मिळालाय. त्याची गोष्ट पुढे येते.

मान्य दावा हाताने लिहून बघा

हा सगळ्यात कामाचा भाग आहे, इथे घाई करू नका. समजा, मार्केटिंगकडून हे वाक्य आलं:

‘आमच्या कॅप्सूलमधलं ८०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड जेवणातल्या फोलेटपेक्षा जास्त प्रभावी असून बाळातले जन्मदोष ७० टक्क्यांनी टाळतं.’

एकेका शब्दावर बोट ठेवत चला. ‘जन्मदोष’ फार मोघम आहे. हृदयाचे दोष, फाटलेला ओठ, सगळंच त्यात आलं. मान्य दावा फक्त न्यूरल ट्यूब दोषांचा आहे, म्हणून ‘मेंदू किंवा मज्जारज्जूचे जन्मदोष’ असं म्हणा, किंवा स्पायना बायफिडा आणि ॲनेन्सेफलीची नावं घ्या. ‘७० टक्क्यांनी’ काढा, कारण धोका अमुक टक्के घटेल असं वाचणाऱ्या स्त्रीला सांगायला नियमाची स्पष्ट मनाई आहे. चाचणीतला आकडा खरा असला तरी तो ४ मिलिग्रॅमचा आणि आधी असं मूल झालेल्या स्त्रियांचा होता. तुमच्या गिऱ्हाइकाला तो लागू नाही. ‘टाळतं’चं आपण वर बोललोच. ‘जेवणातल्यापेक्षा जास्त प्रभावी’ ही तर थेट नियमात नाव घेऊन नाकारलेली गोष्ट आहे. एका स्रोतातली जास्त मात्रा दुसऱ्या स्रोतातल्या कमी मात्रेपेक्षा प्रभावी, असं मान्य दाव्यात म्हणता येत नाही.

आता काय घालायचं ते बघा. ही स्त्रियांची गोष्ट आहे आणि प्रजननक्षम वयात सतत पुरेसं फोलेट मिळण्याची आहे, हे यायला हवं. सकस आहाराचा भाग म्हणून, हेही यायला हवं. फोलेट हे एकमेव कारण आहे असं सूचित होता कामा नये, कारण या दोषांमागे आनुवंशिकता, मधुमेह, अपस्माराची काही औषधं अशी इतरही कारणं असतात. हात फिरवल्यावर वाक्य असं होतं:

‘प्रजननक्षम वयात सकस आहारासोबत पुरेसं फोलेट घेतल्याने स्त्रीला मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा जन्मदोष असलेलं मूल होण्याचा धोका कमी होऊ शकतो.’

लेबलवर हे अर्थातच इंग्रजीत जाईल आणि एफडीएच्या नियमात नमुन्याची वाक्यं दिलेली आहेत. माझा सल्ला सरळ आहे: नमुन्यातलं एक वाक्य उचला आणि काना-मात्रा न बदलता वापरा. कल्पकता रंग, चित्र, मांडणी यांत दाखवा. अर्थात चित्रातही जपून. नियमाच्या दृष्टीने चित्र, उत्पादनाचं नाव, इतकंच काय, खाली दिलेल्या संशोधन निबंधाच्या शीर्षकातलं रोगाचं नावसुद्धा दावा ठरू शकतं.

आता बाटली उलटी करून बघा

वाक्य बरोबर असलं तरी आतला माल त्या वाक्याला पात्र हवा. बहुतेक नवखे इथेच अडकतात, कारण मजकूर लिहिणारा मागचा तक्ता वाचतच नाही.

जीवनसत्त्व अ आणि ड तपासा. रेटिनॉलच्या किंवा तयार स्वरूपातलं अ दैनिक प्रमाणाच्या (लेबलसाठी एफडीएने ठरवलेल्या दिवसाच्या मात्रेच्या) १०० टक्क्यांहून जास्त असेल, किंवा ड तसं असेल, तर त्या उत्पादनावर हा दावा करताच येत नाही. मल्टिव्हिटॅमिनवाल्यांना ही अट छळवणूक वाटते. पण तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व गरोदरपणाच्या सुरुवातीला फार झालं तर त्यानेच गर्भात व्यंग येऊ शकतं. व्यंग कमी करण्याच्या नावाखाली ते वाढवणारी गोळी कोणी देऊ नये, म्हणून ही अट आहे आणि ती मला मनापासून पटते. बीटा कॅरोटीनच्या रूपातलं अ या हिशेबात धरत नाहीत.

मग मात्रा. २०१६च्या लेबल नियमांनंतर फोलेट ‘डीएफई’, म्हणजे आहारातल्या फोलेटशी समतुल्य मायक्रोग्रॅममध्ये लिहायचं आणि फॉलिक ॲसिडचा खरा आकडा कंसात द्यायचा. १ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड म्हणजे १.७ डीएफई. त्यामुळे ४०० मायक्रोग्रॅमची गोळी लेबलवर ६८० दिसते आणि ४०० डीएफई या प्रौढांच्या दैनिक प्रमाणाच्या १७० टक्के भरते. दैनिक प्रमाण १०० टक्क्यांच्या वर गेलं की दाव्यासोबत सुरक्षित कमाल मर्यादा सांगावी लागते. ही अट आपल्याला लागते का, ते लेबलवरच्या टक्केवारीवरून ठरवा. जुन्या पद्धतीचा आकडा डोक्यात ठेवून पाहिलंत तर हमखास चुकाल.

गोळी पोटात विरघळायलाही हवी. विरघळण्याची जी अधिकृत मानकं औषधसंहितेत आहेत, ती पूरक गोळीने पाळली पाहिजेत. उत्पादकाकडून चाचणीचा कागद मागून घ्या. लोह असेल तर लहान मुलांनी चुकून खाल्ल्यास विषबाधा होते, ही ठरलेली सूचना बाटलीवर लागते.

आणि मिथाइलफोलेट, म्हणजे फोलेटचं आणखी एक रूप. ‘फॉलिक ॲसिडपेक्षा सरस’ अशी त्याची जाहिरात जोरात चालते. न्यूरल ट्यूब दोषांचा धोका घटवल्याचं चाचण्यांत सिद्ध झालेलं रूप फॉलिक ॲसिडच आहे, असं सीडीसी ही अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था स्पष्ट सांगते. एमटीएचएफआर या, फोलेट वापरण्याशी संबंधित जनुकाचा बदल असलेलं शरीरही फॉलिक ॲसिड वापरू शकतं, हेही सांगते. दुसऱ्याच्या भीतीवर धंदा करणारं ते वाक्य तुमच्या हातून लिहिलं जाऊ नये.

८०० मायक्रोग्रॅमचं भांडण

‘पूरक आहारातलं ०.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड साध्या अन्नातल्या कमी मात्रेपेक्षा न्यूरल ट्यूब दोषांचा धोका घटवण्यात अधिक प्रभावी आहे’ हे वाक्य लेबलवर छापू द्या, म्हणून पूरक आहाराच्या धंद्यातले डर्क पिअर्सन आणि सँडी शॉ एफडीएविरुद्ध कोर्टात गेले. या वाक्यासोबत त्यांचे आणखी तीन दावे होते. जानेवारी १९९९मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने निकाल दिला: दावा मुळातच खोटा नसेल आणि डिस्क्लेमर जोडून दिशाभूल टळत असेल, तर एफडीएने सरसकट तोंड बंद करू नये. ग्राहकाला दावा आणि डिस्क्लेमर दोन्ही वाचून विचार करता येतो, हे कोर्टाने गृहीत धरलं. आरोग्यविषयक दावा मान्य करताना एफडीए लावतं ती ‘वैज्ञानिकांमध्ये लक्षणीय एकमत’ ही कसोटी म्हणजे नेमकं काय, तेही एफडीएने सांगावं, असंही बजावलं.

एफडीएने ऑक्टोबर २०००मध्ये तोच दावा पुन्हा नाकारला. प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं आणि २००१च्या सुरुवातीला न्यायालयाने एफडीएच्या विरोधात निर्णय दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एफडीएने अटींसह मुभा दिली. त्या दाव्याखाली छापायचं की एफडीए या दाव्याला दुजोरा देत नाही आणि स्त्रियांनी रोज ०.४ मिलिग्रॅम घ्यावं अशी सार्वजनिक आरोग्य संस्थांची शिफारस आहे.

मी स्वतः हा दावा वापरायला सुचवत नाही. हक्क मोठा मिळाला, पण लेबलवर ते वाक्य वाचणाऱ्या तरुणीच्या पदरात गोंधळच पडतो. तिला ‘रोज घे’ एवढंच कळायला हवं. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२३मध्येही ०.४ ते ०.८ मिलिग्रॅम अशीच शिफारस कायम ठेवली. म्हणजे ४००ची गोळी कमअस्सल नाही.

जाहिरात, पोस्ट आणि गिऱ्हाइकांचे अनुभव

लेबल एफडीए बघतं, जाहिरात एफटीसी (फेडरल ट्रेड कमिशन). एफटीसीचा निकष एका वाक्यात सांगायचा तर जे म्हणाल त्याचा भक्कम शास्त्रीय पुरावा म्हणण्याआधी हातात हवा. फॉलिक ॲसिडचा पुरावा भक्कम आहेच. पण तुमच्या पावडरीत सोबत घातलेल्या अन्य दहा घटकांचा तसा नसतो आणि वाक्य सगळ्या पावडरीबद्दल असतं.

‘तुमच्या गोळ्यांमुळे माझं बाळ सुदृढ जन्मलं’ असा एका आईचा अभिप्राय आला, तुम्ही तो आनंदाने पानावर चढवला, की तो तुमचा दावा झाला. तिच्या पोस्टला कंपनीच्या खात्यावरून दिलेली पसंती किंवा पोस्टखालचा हॅशटॅगसुद्धा उत्पादन कशासाठी विकलं जातंय याचा पुरावा म्हणून वापरता येतो. पैसे किंवा फुकट माल घेऊन बोलणाऱ्याने तसं उघड सांगितलं पाहिजे. त्या आईला खाजगीत मनापासून धन्यवाद द्या आणि पानावर मान्य वाक्यच ठेवा.

दुकानात पत्रकं ठेवायची असतील तर

१९९४च्या कायद्यातली ही सवलत फार कमी लोक वापरतात. शास्त्रीय लेख किंवा पुस्तकातलं प्रकरण जसंच्या तसं, पूर्ण, विक्रीच्या ठिकाणी ठेवता येतं आणि ते लेबल धरलं जात नाही. अटी अशा: लेख खोटा किंवा दिशाभूल करणारा नसावा, एखाद्या ब्रँडची भलामण करणारा नसावा, त्या विषयावरच्या इतर साहित्यासोबत संतुलित चित्र दिसेल असा मांडावा, गोळ्यांच्या मांडणीपासून वेगळ्या जागी ठेवावा आणि त्यावर काहीही चिकटवू नये. शेवटच्या अटीत लोक सापडतात. लेखाच्या कोपऱ्यात दुकानाने ‘आमच्याकडे उपलब्ध’ असं स्टिकर लावलं की सवलत गेली.

हे मात्र लेबलवर सोडू नका

ज्या स्त्रीचं आधीचं मूल न्यूरल ट्यूब दोषाचं होतं, जिला मधुमेह आहे किंवा जी अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट घेते, तिने मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायला हवी. ४ मिलिग्रॅम हवं म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या दहा गोळ्या खाल्ल्या तर अ जीवनसत्त्व धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. ग्राहकसेवेवर असा फोन आला तर उत्तर देणाऱ्याच्या समोर हे चार ओळींत लिहिलेलं असू द्या आणि मात्रा सांगण्याचं काम त्याच्याकडे देऊ नका.

युरोपात माल पाठवणार असाल तर

तिथे २०१४मध्ये मंजूर झालेली शब्दरचना वेगळी आहे. पूरक फॉलिक ॲसिडने आईच्या शरीरातली फोलेटची पातळी वाढते आणि ती पातळी कमी असणं हा गर्भातल्या न्यूरल ट्यूब दोषांचा जोखीम घटक आहे, अशी ती दोन वाक्यं. रोजच्या मात्रेत किमान ४०० मायक्रोग्रॅम हवं. गर्भधारणेआधी निदान एक महिना आणि नंतर तीन महिन्यांपर्यंत घ्यावं, हेही सांगायचं. अमेरिकेचं लेबल तसंच्या तसं चालत नाही.

फाइल तयार ठेवा

प्रत्येक मजकुरासाठी एक फाइल करा: अंतिम वाक्य, ते कोणत्या प्रकारचा दावा आहे, नियमाची प्रत, मागच्या तक्त्याचा फोटो, विरघळण्याच्या चाचणीचा कागद, ३० दिवसांची सूचना दिली असल्यास तिची प्रत. गंभीर दुष्परिणामाची तक्रार आली तर ती १५ कामकाजी दिवसांत एफडीएकडे पाठवायची असते, म्हणून लेबलवरचा पत्ता किंवा फोन चालू आहे का ते अधूनमधून स्वतः फोन लावून बघा. एफडीएचं इशारापत्र आलं तर उत्तराला साधारण १५ कामकाजी दिवसच मिळतात. त्या दिवशी आधी आक्षेप घेतलेला मजकूर लेबल, संकेतस्थळ आणि सगळ्या पोस्टमधून उतरवा, मग वकिलासोबत उत्तर लिहायला बसा. नव्या छपाईत ती जागा कोरी सोडू नका, मान्य वाक्य तिथे घाला.